महांतेशची एकच फाईल

नागराजच्या फोटो स्टुडिओतले तिन्ही कॉम्प्युटर एकाच आठवड्यात पुन्हा व्हायरसने आडवे झाले, तेव्हा त्याची बायको रूपा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता माझ्या भावाला बोलवा. न्हाईतर ह्या डब्यांत कोंबड्या पाळा. अंडी तरी मिळतील."

बसवकल्याणच्या बसस्टँडजवळचा हा स्टुडिओ तालुक्यात नावाजलेला होता. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन यायचं, फोटो द्यायचं आणि फोटोसोबत गावातला सगळा व्हायरसही देऊन जायचं. सन दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, नागराजकडे अख्खी हळद गायब झालेलं एक लग्न होतं आणि नवरीच गायब झालेलं दुसरं.

रूपाचा धाकटा भाऊ महांतेश बंगळूरला कंपनीत होता. तो रातराणीने आला, चहा पिता पिता त्याने तिन्ही मशीनवरचं विंडोज काढून टाकलं आणि व्हायरस सहसा न लागणारं लिनक्स घातलं. मग डोळे चमकवत म्हणाला, "दाजी, आता तुमाला विंडो मॅनेजर देतो. माझा सोताचा."

"मॅनेजर कशाला?" नागराज म्हणाला. "दुकानाला रूपा हाय की."

"तसला न्हवं. स्क्रीनवर ज्या खिडक्या उघडत्यात, कुठली कुठं बसवायची, केवढी करायची, हे ते बघतंय. एकावर एक खिडकी चढू देत न्हाई. एक उघडली तर सगळी जागा तिची. दुसरी आली की निम्मी निम्मी."

"म्हंजे पंगतीत पाव्हणे बसवायचं काम," रूपाने निकाल दिला.

"हौ, तसंच! अन् सगळं ह्या एका फाईलीत हाय." महांतेशने लॅपटॉपवर बोट ठेवलं. त्या फाईलीकडे तो ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेने त्याने पोरीकडे बघितलं असतं तर अनसाबाईंची, म्हणजे त्याच्या आईची, काळजी कधीच मिटली असती. "कुठल्याबी कॉम्प्युटरवर टाका दाजी. बटणं तीच, खिडक्या तशाच. फाईल एकच!"

मोठ्या कॉम्प्युटरवर ती फाईल खरोखरच नाचत सुटली. या मशीनला दोन पडदे होते. डावा नागराजचा, त्यावर त्याची कापाकापी चालायची. उजवा गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला, त्यावर फक्त तयार फोटो. आता एक बटण दाबलं की तयार फोटो टुणकन उजव्या पडद्यावर जायचा आणि नागराजचा पडदा धुतल्यासारखा मोकळा व्हायचा. माउसला हात लावायचं कामच नाही. नागराज लहान पोरासारखा फोटो इकडून तिकडे पाठवत बसला.

"लै भारी रे! आता काउंटरवरच्यावर टाक."

काउंटरवरच्या जुन्या मशीनवर फाईल टाकली. मशीन सुरू झालं, लाल अक्षरांत 'बॅटरी संपली' म्हणालं आणि आपणहून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या शिवशरणने स्टुलावर बसल्या बसल्या विचारलं, "ह्याला बॅटरी कधी बसवलाव?"

"बसवलीच न्हाई," नागराज म्हणाला.

महांतेशने कपाळावर हात मारला. फाईल त्याच्या लॅपटॉपसाठी लिहिलेली होती. ती बॅटरी शोधायची, ती सापडली नाही की शून्य समजायची आणि फोटोंचं नुकसान होऊ नये म्हणून मशीन बंद करायची. त्याने एक ओळ वाढवली: जर बॅटरी असेल तरच विचार. मग मशीन चालू राहिलं, पण पडदा इतका लहान होता की वरची पट्टी आणि बाजूची पट्टी बसल्यावर शिवशरणच्या चेहऱ्याला फटीएवढी जागा उरली. त्या फटीतून त्याचं फक्त नाक दिसत होतं.

"नाकाचाच फोटू देणार का?" शिवशरण म्हणाला.

महांतेशने आणखी एक ओळ घातली: जर पडदा लहान असेल तर पट्ट्या काढ. मग लग्नाला न्यायचा स्टुडिओचा जुना लॅपटॉप घेतला. त्याचं एक बटण तुटलेलं होतं, नेमकं तेच फाईलीला लागायचं. आणखी एक ओळ. लॅपटॉपला गिऱ्हाइकाचा पडदा जोडून बघितला. त्याचं नाव फाईलीत घातलं, तसं चाललं. फोटो टुणकन तिकडे, इकडे मोकळं.

रूपा मागून वाचत होती. "एकच फाईल म्हणलास, अन् आत तर तिघी सवती नांदायल्यात. जर ही असंल तर असं, जर ती असंल तर तसं."

"पण फाईल एकच हाय न्हवं अक्का?" महांतेश म्हणाला आणि आनंदाने दुसरा चहा मागितला.

त्याच आठवड्यात मुडबीच्या अंकुशरावांच्या मुलीचं, विजयश्रीचं लग्न होतं. अंकुशराव तुरीचे व्यापारी, घरी शेतीही होती. लग्न बसवकल्याणच्या फंक्शन हॉलमध्ये ठरलं. साखरपुड्याचे फोटो मोठ्या टीव्हीवर दाखवायचे, असं त्यांनी कुठल्यातरी शहरातल्या लग्नात बघितलं होतं आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. मात्र काम देताना त्यांनी स्टुडिओचं दार लोटून घेतलं.

"नागराज, एक नाजूक काम हाय. फोटूत अंबाजी दिसायला न्हाई पाहिजे."

अंबाजीमामा म्हणजे त्यांच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा सख्खा भाऊ. ठाणाकुशनूरचे. या मेहुण्या-मेहुण्यांत एका म्हशीवरून बिनसलं होतं. अंबाजीमामांनी विकलेली म्हैस ठाणाकुशनूरला बादली भरून दूध द्यायची. मुडबीत पाय ठेवला आणि तिने तांब्यावर आणलं. अंकुशराव म्हणायचे, फसवलं. मामा म्हणायचे, तुमच्या गोठ्याचा दोष. तेव्हापासून दोघे एकमेकांशी तिसऱ्या माणसामार्फत बोलायचे.

"पण अण्णा, नवरीचे मामा हायत. मांडवात त्यांनीच आणायचं नवरीला."

"आणू दे की. रीत हाय म्हणून बोलावलोय. पण अल्बम माझा हाय."

ते गेले आणि तासाभरात नवरदेवाची आई आली. तिनेही दार लोटलं. तिचा धनराज चांगल्या नोकरीत होता, स्वभावाने गरीब होता, पण टाळूवर ऊन पडायला लागलं होतं. "साखरपुड्यात टोपी होती, पण त्या दिवशी घरनं निघतानाच्या फोटूत न्हवती. त्यात तेवढे केस भर बाबा. पोरीकडच्यांना कळू देऊ नको."

नागराजने दोघांनाही शब्द दिला. फोटोग्राफरच्या पोटात अशी कितीतरी लग्नं गुपचूप पडलेली असतात.

लग्नाच्या दिवशी हॉल भरून वाहत होता. अंबाजीमामा ठाणाकुशनूरहून जीप भरभरून माणसं घेऊन आले होते आणि पुढच्या दोन रांगा त्यांनी अडवल्या होत्या. डोक्यावर फेटा, चेहऱ्यावर म्हशीचा राग. गुलबर्ग्याहून भाड्याने आणलेला दाराएवढा टीव्ही स्टेजच्या बाजूला उभा केला होता. त्याची वायर आखूड निघाली म्हणून नागराजचं टेबल थेट टीव्हीच्या मागे लावावं लागलं. त्याला टीव्हीची फक्त पाठ दिसत होती आणि तिच्या कडेने समोरची माणसं.

रूपा कॅमेरा घेऊन स्टेजवर होती. महांतेशही आला होता. बोलावणं नव्हतं, पण आपली फाईल चारचौघांत चालताना बघायचा मोह त्याला आवरला नाही. तो शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

नागराजने साखरपुड्याचे फोटो सुरू केले, बटण दाबलं. फोटो त्याच्या पडद्यावरून टुणकन गेले आणि लॅपटॉप धुतल्यासारखा मोकळा झाला. अगदी स्टुडिओतल्यासारखा. तेवढ्यात अंकुशराव जरीचा फेटा सावरत टीव्हीच्या मागे आले.

"चालू झालं न्हवं? अंबाजी न्हाई न्हवं कुठं?"

"एकच फोटू ऱ्हायलाय अण्णा. घरच्या सगळ्यांचा. त्येची पाळी यायच्या आत पुसून टाकतो. तुमी निवांत जावा."

अंकुशराव निवांत स्टेजवर गेले. नागराजने घरच्या सगळ्यांचा फोटो उघडला. मधे विजयश्री, एका बाजूला आईवडील, दुसऱ्या बाजूला उघड्या डोक्याचे, टक्कल चमकवणारे अंबाजीमामा, भाचीच्या खांद्यावर हात ठेवून. नागराजने ब्रश घेतला आणि मामांच्या टकलापासून सुरुवात केली.

टीव्हीवरही टकलापासून सुरुवात झाली.

फोटो दुसऱ्या पडद्यावर गेले नव्हते. ते नुसते लपले होते. टीव्हीवर आता तेच दिसत होतं जे लॅपटॉपवर होतं, दाराएवढं मोठं करून.

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग बँडवाल्यांनी बँड थांबवला. पोरं पळत येऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसली. नागराजने कडेने डोकावून पाहिलं. सगळा हॉल श्वास रोखून टीव्हीकडे बघत होता. इतकं तल्लीन झालेलं वऱ्हाड त्याने आजवर बघितलं नव्हतं. त्याची छाती फुगली. त्याने मामांचे कान पुसले. हॉलमधून "ओऽऽ" असा आवाज आला. त्याने छाती पुसली, धोतर पुसलं. रूपा स्टेजवरून दोन्ही हात हलवायला लागली. फ्लॅशची बॅटरी मागत असेल, असं समजून नागराजने तिला पिशवी उचलून दाखवली. रूपाने कपाळ बडवलं.

"हात! हात ऱ्हायलाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

नागराजने बघितलं तर खरंच, भाचीच्या खांद्यावर मामांचा हात तसाच होता. बाकी मामा नव्हते, नुसता हात. त्याने तोही पुसला. टाळ्या पडल्या. नागराजला वाटलं, अक्षता पडल्या.

"दाजीऽऽ!" माणसं तुडवत महांतेश धावत आला. "हात लावू नका! सगळं टीव्हीवर दिसायलंय!"

"काय दिसायलंय?"

"तुमी पुसायलाव ते!"

महांतेशने लॅपटॉप ओढला आणि लपलेले फोटो परत आणायचं बटण दाबायला गेला. घाईत बोट शेजारच्या बटणावर पडलं. ते बटण होतं, उघडलेल्या सगळ्या खिडक्या एकदम दाखवायचं. विंडो मॅनेजरने आपलं कर्तव्य चोख बजावलं. पंगत बसवावी तशा सगळ्या खिडक्या, नागराजने जुळवून बघायला उघडे ठेवलेले मूळ फोटोही, टीव्हीवर शेजारी शेजारी मांडल्या. मामा असलेला फोटो. मामा नसलेला फोटो. बिनकेसाचा नवरदेव. केसवाला नवरदेव. कुणावर कुणी चढलेलं नव्हतं, सगळे अगदी स्वच्छ दिसत होते.

नवरीकडच्या बायकांनी नवरदेवाच्या फेट्याकडे बघितलं. धनराजने दोन्ही हातांनी फेटा धरला.

"पोराला केस न्हाईत?" अंकुशराव स्टेजवरूनच ओरडले. "आमाला कामून सांगितलं न्हाई?"

"तुमी सख्खा मामा पुसायलाव," नवरदेवाची आई कडाडली, "ते आमाला सांगितलाव का?"

"मला ठाऊक हाय केसाचं," स्टेजमागच्या खोलीच्या दारातून विजयश्री म्हणाली. "टोपी काढायला लावूनच हो म्हणलेय मी. तुमी भांडू नका, मुहूर्त जायलाय."

पण आता मुहूर्ताकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अंबाजीमामा उठले होते. त्यांच्यामागे ठाणाकुशनूरच्या दोन्ही रांगा उठल्या. मामा बाहेर पडले तर नवरीला मांडवात आणायचं कुणी? सत्यभामाबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मामा दाराकडे वळले नाहीत. ते सरळ टीव्हीच्या मागे आले.

"कुणी सांगितलं मला पुसायला?"

नागराजने गिऱ्हाइकाचं नाव घेतलं नाही. तसं घ्यायची गरजही नव्हती. सगळा हॉल अंकुशरावांकडेच बघत होता.

महांतेश मधे पडला. "मामा, चूक माझ्या फाईलीची हाय. तिला स्टुडिओतल्या पडद्याचं नाव ठाऊक हाय, ह्या टीव्हीचं न्हाई. अनोळखी पडदा आला की ती दोन्हीकडं एकच दाखवती."

"म्हंजे ओळख नव्हती म्हणून खरं बोलली?"

"तसंच म्हणा."

"स्टुडिओत बराबर चालत होती मामा," नागराज रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी सोता बघितलोय. एकदम बराबर. इथं आणली अन् बिघडली."

मामा थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू कुठेतरी सरकला आणि त्याजागी वेगळंच काहीतरी उगवलं. ते गर्रकन स्टेजकडे वळले.

"ऐकलाव का दाजी?" कित्येक दिवसांनी ते अंकुशरावांशी थेट बोलत होते. "तिथं बराबर चालत होती, इथं आणली अन् बिघडली! मी म्हशीचं दुसरं काय सांगत होतो?"

हॉलमध्ये हशा फुटला. अंकुशराव म्हणाले, "म्हशीचं अन् कॉम्प्युटरचं काय..."

"काय म्हंजे? हे पोरगं बंगळूरला शिकलेलं हाय! त्येची फाईल जागा बदलल्यावर बिघडती, तर माझी म्हैस कामून बिघडू ने? ह्येला कुणी फसवलास म्हणायलंय का?"

कुणीच म्हणत नव्हतं. अंकुशरावांनी इकडे तिकडे बघितलं. नवरदेवाकडची माणसं मान डोलवत होती. ठाणाकुशनूरच्या रांगा तर म्हशीचा खटला जिंकल्यासारख्या एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होत्या.

"बरं," अंकुशराव शेवटी म्हणाले. "ऱ्हाइली म्हैस. फसवलाव म्हणत न्हाई."

"मग मला परत घाल," मामा नागराजला म्हणाले. त्यांनी टीव्हीच्या कडेने वाकून पुढे बघितलं, केसवाल्या धनराजवर नजर रोखली आणि आवाज जरा खाली आणला. "ह्येचे केस कुठनं आणलास?"

"माझेच हायत मामा. फोटू काढून लावलोय."

"मग घालतानी मला बी केसासकट घाल."

मुहूर्त टळायला थोडाच वेळ होता, पण हॉलमधून एक माणूस हलला नाही. महांतेशने फोटो टीव्हीवर मोठा केला. नागराजने मामांना परत आणलं आणि आपल्या डोक्यावरचे केस त्यांच्या डोक्यावर ठेवले. "मोठा भांग पाड!" पोरं ओरडली. "कानावर जरा कमी कर!" असं भटजी म्हणाले.

"अण्णा," नागराजने स्टेजकडे बघून विचारलं, "मामाला कुठं घालू? होते तिथंच?"

अंकुशरावांनी खाकरून घसा साफ केला. "माझ्या बाजूला घाल."

नागराजने मामांना उचलून अंकुशरावांच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं. यावेळी खऱ्या अक्षता पडल्या. उत्साही माणसांनी त्या टीव्हीवरच टाकल्या. मग मामा फेटा नीट करून आत गेले आणि भाचीला घेऊन असे झोकात मांडवात आले की बँडवाल्यांना त्यांच्या चालीशी जुळवून घ्यावं लागलं. धनराजने फेटा काढला तो मंगलाष्टकं झाल्याबरोबर, आणि नंतरच्या सगळ्या फोटोंत तो उघड्या डोक्यानेच, मोकळा हसत उभा राहिला.

महांतेश त्याच संध्याकाळी बंगळूरला निघाला. बसमध्ये चढण्याआधी त्याने फाईलीत टीव्हीचं नाव घातलं आणि आणखी एक ओळ लिहिली: जर पडदा अनोळखी असेल तर काहीच दाखवू नकोस.

"आता फाईल कशावरबी चालती दाजी. एकदम पक्की!"

"टीव्ही तर परत गुलबर्ग्याला गेला," रूपा म्हणाली. "फुडच्या लग्नात दुसराच येणार."

महांतेशचा चेहरा क्षणभर पडला आणि मग लगेच खुलला. "मग अजून एक जर-तर लिहितो की!"

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत गर्दीच गर्दी झाली. तालुक्यात बातमी पसरली होती. लोक लग्नाचे फोटो ठरवायला यायचे आणि हळूच विचारायचे, "ते पुसायचा कार्यक्रम बी असतो न्हवं?" नागराज नको नको म्हणून थकला.

अशाच एका दुपारी सत्यभामाबाई आल्या. अल्बम बघून त्या खूश होत्या. केसवाल्या भावाच्या फोटोवरून त्यांनी पदराने धूळ पुसली, मग उठून दार लोटून घेतलं.

"नागराज, ह्यो एक फोटू मोठा करून दे. भिंतीला लावायचा हाय. मी अन् माझा भाऊ, दोघंच."

नागराजने फोटो बघितला. सत्यभामाबाई, अंबाजीमामा आणि दोघांच्या मधे फेटा बांधलेले अंकुशराव.

"काकू, पण मधे अण्णा हायत."

"तेच काढायचं हाय."

"आता कामून? भांडण तर मिटलं न्हवं?"

"मिटलं ते त्या दोघांचं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "इतके दिस माझा भाऊ माझ्या घरी पाणी प्यायला आला न्हाई, ते मला कुणी इचारलं?"

नागराजने घाबरून रूपाकडे बघितलं. रूपाने स्टूल पुढे ओढलं, सत्यभामाबाईंना बसवलं आणि शांतपणे विचारलं, "अण्णाला पुरतं काढायचं का निम्मं, काकू?"

सत्यभामाबाईंनी फोटोकडे निरखून बघितलं.

"पुरतं काढ," त्या म्हणाल्या. "फेटा तेवढा ऱ्हाऊ दे. त्यो माझ्या भावानं आहेर केलेला हाय."